लाल ठिपक्याचा प्लग

शिवलीलाला विजेची भीती वाटायची, आणि तिचं पोट विजेवरच चालायचं. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या बाजारापासून चार पावलांवर तिचं घर. घराच्या पुढच्या खोलीत तिनं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान मांडलं होतं. माहेर मुरगूडच्या पलीकडचं, निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलणारं. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. तेव्हा भीतीबिती काही नव्हती. उघड्या वायरीला टेस्टर लावताना ती शेजारच्या मुलाशी गप्पा मारायची, म्हणून मास्तर ओरडायचे.

भीती शिरली ती लग्नानंतर, चौऱ्याण्णवच्या सुमाराला. त्या काळात काही टीव्हींचा आतला पत्र्याचा सांगाडा विजेच्या एका वायरीलाच जोडलेला असायचा. दोन पिनांचा प्लग एका बाजूनं घातला तर सांगाडा गप्प, उलटा घातला तर जिवंत. शिवलीलाला हे पाठ होतं. पण त्या दिवशी कुणीतरी मिक्सर लावायला टीव्हीचा प्लग काढला आणि परत घालताना उलटा घातला. तिनं उजव्या हातानं सांगाडा धरला, आणि डावा हात खिडकीच्या गजावर होता.

हात उघडेना. ओरडायला तोंडही उघडेना. छातीत कुणीतरी मूठ घालून पिळतंय असं वाटत होतं, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र स्वच्छ दिसत होतं. तिची आई बसव्वा लेकीकडं राहायला आली होती आणि आत चपात्या करत होती. ती काहीतरी विचारायला बाहेर आली. विजेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचे डोळे बघून ती समजली. तिनं लेकीला हात लावला नाही. हातातलं लाटणं लेकीच्या कोपरावर एवढ्या जोरानं हाणलं, की हात सुटला आणि शिवलीला जमिनीवर आदळली. कोपर पुढं कितीतरी दिवस सुजलेलं होतं.

त्यानंतर बरेच महिने तिनं पंख्याचं बटणसुद्धा नवऱ्याकडून लावून घेतलं. रुद्रेश गुळाच्या अडतीवर कामाला होता. सकाळी जाताना पंखा लावून जायचा आणि दुपारी जेवायला आला की बंद करायचा. तो एकदा म्हणाला, "दुसरं काहीतरी बघूया. शिलाई मशीन घेऊया." ती शिलाईच्या क्लासला जाऊनही आली. पण कापडाकडं बघून तिला काही सुचायचंच नाही. बंद पडलेला रेडिओ मात्र समोर आला की डोकं आपोआप चालू व्हायचं. मग ती परत खुर्चीवर बसली. फरक एवढाच, की काम करताना डावा हात पदरात गुंडाळून कमरेला खोचलेला असायचा. एका हातानं काम केलं तर वीज छातीतून आरपार जात नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई लाजाळू आहेत.

दोन हजार साल उलटलं तशी टीव्हीची कामं कमी झाली. तोवर उद्यमनगरातले हंबीरराव तिच्याकडं यायला लागले होते. त्यांचं छोटं मशीन शॉप होतं. मशीनच्या कंट्रोलचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, गेलं की ते पुण्याला पाठवावं लागायचं आणि मशीन महिनाभर झाकून ठेवावं लागायचं. शिवलीलानं त्यांची दोन-तीन कार्डं नीट करून दिली. पण मग एक कार्ड असं आलं, की मीटरवर सगळे आकडे बरोबर आणि मशीन काही केल्या हलेना.

"मीटरला ताप कळतोय, नाडी कळत न्हाय," ती हंबीररावांना म्हणाली. "ह्याला सीआरओ पाहिजे."

सीआरओ म्हणजे बारक्या पडद्याची लोखंडी पेटी. वायरीतली वीज कशी धावते ते तिच्यात हिरव्या रेघेनं दिसतं. आयटीआयला एकच होता आणि मास्तर त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. नवा घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

"मग जुना बघा की," हंबीरराव म्हणाले. "उचगावात भंगारवाल्या बाळासोच्या गोडावनात एक पडलाय. कुठल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या मालात आलाय म्हणं."

ते गेल्यावर शिवलीलानं कार्ड परत कागदात गुंडाळून ठेवलं. असल्या पेटीच्या आत काय असतं ते तिला माहीत होतं. पडद्याच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात. बंद केल्यावरही ती वीज आत दबा धरून बसते. आणि ही पेटी तर परकी. कुणी उघडली, कुणी जोडली, कुणी आत काय केलं, कुणालाच ठाऊक नाही. टीव्ही दुरुस्तीला येतो आणि परत जातो, पण ही कायमची घरात राहणार होती. मधल्या दाराला कडी नव्हती, आणि दुसरीत शिकणारी तिची लेक सुष्मिता दुकानात नाचत असायची.

"बघून तर येऊया," रुद्रेश म्हणाला. "न्हाई आवडली तर न्हाई."

ती नको म्हणायचं ठरवूनच स्कूटरवर बसली.

बाळासोचं गोडाऊन म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एकीकडं मोटारींचा ढीग, दुसरीकडं जुने पंखे, मध्ये वाट. बाळासो अंगानं आडवा, आवाजानं मोठा माणूस. त्यानं टेबलावरचं पोतं ओढलं आणि खाली पेटी दिसली. करड्या रंगाची, कोपरे घासलेली, पण बटणं सगळी जागेवर.

"बघा की ताई. एकदम चालू माल हाय. लावून दावतो."

त्यानं प्लग हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, फिरवला आणि मग भिंतीतल्या बोर्डात घातला. थोड्या वेळानं पडद्यावर हिरवी रेघ उगवली, बारीक आणि सरळ. इतकी चांगली रेघ तिनं आयटीआयलासुद्धा बघितली नव्हती. मुठी मिटून ती पेटीपासून हातभर लांब उभी होती.

"प्लग का हो बघितलासा एवढा?" तिनं विचारलं.

"ते व्हय? खूण हाय त्याच्यावर." बाळासोनं बटण बंद करून प्लग काढून दाखवला. दोन पिनांचा प्लग, आणि एका अंगाला नखपॉलिशचा लाल ठिपका. "ठिपका वर आला पाहिजे. उलटा घातला की पेटी जरा झिणझिणतीय. मी रबरी चप्पल घालतोय, मला काय होत न्हाय. ठिपका पोरीनं लावून दिलाय."

खिडकीचा गज, कॅलेंडर, पिळवटलेली छाती, सगळं शिवलीलाला त्या शेडमध्ये उभ्या उभ्या परत आलं. ती रुद्रेशला म्हणाली, "चला."

"काय झालं?"

"चला म्हणतो न्हवं मी. घरी जाऊया."

तेवढ्यात मोटारींच्या ढिगामागून एक माणूस आणि त्याची बायको आली. माणूस चाळिशीचा, खिशात टेस्टर. बाळासो म्हणाला, "या मुरगूडचं पावणं. बघा, तुमच्या आधी ताई आल्यात. पण त्या निघाल्या." तो मुरगूडचा गुंडू. बाजारपेठेत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बायकोचं नाव शालूबाई. मुरगूड म्हटल्यावर शिवलीलाचा पाय दारातच अडला.

गुंडू पेटीकडं बघून हरखून गेला होता. त्यानं बटणं फिरवली, पडद्यावरची धूळ बाहीनं पुसली. बाळासोनं त्यालाही ठिपका दाखवला.

"झिणझिणतंय व्हय? झिणझिणू दे की," गुंडू म्हणाला. "आमच्या धंद्यात कोण झिणझिणीला भितंय? मी घिऊन जातो आजच."

शिवलीला परत आत आली. आपण का फिरलो ते तिचं तिलाही कळलं नाही. तिनं पिशवीतून होल्डर काढला. त्यात बल्ब आणि होल्डरला दोन लांब वायरी होत्या. शॉक बसल्यापासून हे तिच्या पिशवीतून कधी हललं नव्हतं.

"पावणं, एवढं बघा आणि मग न्या," ती म्हणाली. एक वायर तिनं शेडमधल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली. दुसरी पेटीच्या स्क्रूला अडकवली आणि मागं सरली. "आता ठिपका वर ठेवून लावा. पेटीला हात लावू नका कुणी."

बाळासोनं प्लग घातला. हिरवी रेघ आली. बल्ब तसाच, विझलेला.

"काढा. आता उलटा घाला."

"कशाला ताई, उगंच—"

"घाला म्हणतो न्हवं."

बाळासोनं प्लग फिरवून घातला. पडद्यावर तीच रेघ, तशीच सरळ. आणि पाइपाजवळ लोंबणारा बल्ब लख्खकन पेटला. नुसता मिणमिणला नाही, घरातल्या दिव्यासारखा पेटला. शेडमधल्या त्या कोपऱ्यात उजेड पडला.

शालूबाई पुढं वाकून बल्बकडं आणि मग पेटीकडं बघत राहिली.

"ह्यो दिवा त्या पेटीवर लागलाय व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय," शिवलीला म्हणाली. "आतून कुणीतरी लोखंडी अंग वायरीला जोडलंय आणि अर्थिंगची पिन काढून टाकलीय. रबरी चप्पल असली तर झिणझिण. ओल्या फरशीवर अनवाणी पाय असला, न्हाईतर दुसरा हात नळाला लागला, तर माणूस सुटत न्हाय."

बाळासोनं पटकन बटण बंद केलं. त्याचा चेहरा उतरला होता. गुंडूनं बायकोसमोर घाबरल्यासारखं दिसू नये म्हणून घसा खाकरला.

"त्यात काय एवढं. ठिपका बघून घालायचा. मी ध्यान ठेवीन की."

शिवलीलाला मुरगूडची बाजारपेठ दिसली. बाजारचा दिवस, दुकानात गर्दी, कुणीतरी पंखा लावायला प्लग काढतंय, कुणीतरी कसातरी परत घालतंय. नखपॉलिश निघायला कितीसे दिवस लागतात? आपल्या घरीही कुणी मुद्दाम केलं नव्हतं. आणि त्या दुकानात कुणाच्या हातात लाटणं असणार होतं?

"मी घेतो ही पेटी," ती म्हणाली.

रुद्रेशनं तिच्याकडं बघितलं. आत्ता तर ती घरी चला म्हणत होती.

गुंडू भडकला. "म्हणजे दिवे लावून मला भ्या घातलंसा, आणि आता तुम्हीच घ्यायला लागलाय? ही कुठली रीत झाली?"

दिसत तर खरंच तसंच होतं. ती नुसती म्हणाली, "मुरगूडकडचीच हाय मी, पावणं. फसवत न्हाय." त्याचा विश्वास बसला नाही. पण शालूबाईनं त्याचा शर्ट मागून धरला होता. "चला हो. ही पीडा आमच्या घरात नको. कुणालाबी न्हेऊ दे," असं म्हणत तिनं त्याला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं.

बाळासोशी बोलणं मिटल्यावर शिवलीलानं पहिलं काम केलं ते हे, की त्याच्याच टेबलावरची पक्कड घेतली आणि वायर पेटीपासूनच कापून टाकली.

"अवं ताई, आता चालू कशी करणार?"

"कुणी चालू करायलाच नको," ती म्हणाली.

स्कूटर बाळासोकडंच ठेवून दोघं रिक्षानं निघाले. पेटी दोघांच्या मध्ये होती. वायर तोडलेली, निर्जीव. तरी उचगावपासून शाहूपुरीपर्यंत शिवलीला अंग चोरून बसली होती. खड्ड्यात पेटी तिच्या मांडीला लागली की ती दचकायची.

घरी बसव्वा दारातच उभी होती. लाटण्याच्या त्या दिवसानंतर ती लेकीकडंच राहिली होती. तिनं पेटी बघितली, लेकीचं तोंड बघितलं. "ब्याड ग, शिवा," ती कानडीत म्हणाली. "नको ते घरात." मग कुणाशी काही न बोलता तिनं जुनी चादर आणून पेटीवर घातली, आणि सुष्मिताला दंडाला धरून सांगितलं, की चादरीला जरी हात लावलास तरी मार बसेल.

पेटी बरेच आठवडे तशीच राहिली. शिवलीला बाकीची कामं करायची, पण पाठ तिच्याकडं करून बसायला तिला जमायचं नाही. खुर्ची फिरवून ती चादर समोर दिसेल अशी बसायची. आपण हे काय घरात आणून ठेवलं, असं तिला रोज वाटायचं. परत विकावी तर कुणाला? फोडून टाकावी तर ती रेघ आठवायची. हंबीरराव येऊन विचारायचे, "झाला का सीआरओ चालू?" आणि ती म्हणायची, "बघतोय."

शेवटी ती कामाला लागली, पण पेटीपासून नाही, भिंतीपासून. पेटीला तीन पिनांची नवी वायर लावायची आणि लोखंडी अंग अर्थिंगला जोडायचं, म्हणजे आत काही बिघडलं तरी वीज माणसातून न जाता जमिनीत जाईल. तिच्या टेबलाशेजारच्या बोर्डाला तीन भोकं होतीच. तिनं तोच बल्ब घेतला आणि एक वायर फेजच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब पेटायला हवा होता.

पेटला नाही.

तिनं बल्ब बदलला, दुसरा बोर्ड बघितला, स्वयंपाकघरातला बघितला. एकही नाही. तिसरं भोक नुसतं भोकच होतं. मागं वायरच नव्हती. दुकान मांडल्यापासून ती ज्या अर्थिंगच्या भरवशावर बसली होती, ते या घरात कधी नव्हतंच. ती भिंतीला टेकून खाली बसली. याच घरात ओल्या केसांनी सुष्मिता फ्रिज उघडायची. बसव्वा ओल्या हातानं मिक्सर लावायची.

वायरमन गणपतरावांना बोलावलं तर ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, किती घरात असंच असतंय. कोण मागं बघतंय?" परसात त्यांनी खड्डा खणला, तांब्याची पट्टी गाडली, वर मीठ आणि कोळसा भरला. तिथून प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली. काम होईपर्यंत शिवलीला त्यांच्या मागं मागं फिरत होती. प्रत्येक तिसऱ्या भोकावर बल्ब पेटलेला बघितल्यावरच तिनं त्यांना चहा दिला.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं चादर काढली. सुष्मिताला घेऊन बसव्वा शेजारी जाऊन बसली. रुद्रेश मेन स्विचजवळ उभा राहिला, हात खटक्यावर ठेवून. पेटीला वायर नव्हती तरी तो तिथंच उभा होता, कारण तिनं सांगितलं होतं.

स्क्रू काढून तिनं झाकण उचललं. तळहाताला एवढा घाम सुटला होता, की स्क्रू ड्रायव्हर दोनदा निसटला. आत धूळ, जळक्या मेणासारखा वास, आणि मागच्या बाजूला जे शोधत होती ते. एक बारकी निळी वायर, न्यूट्रलपासून निघून पेटीच्या अंगाला जोडलेली. तिला वाटलं होतं कुणा आडदांड माणसानं कशीबशी पिळलेली असेल. तसं नव्हतं. सोल्डरचा थेंब गुळगुळीत, वर काळी नळी नीट ओढलेली, वायर दोऱ्यानं बांधलेली. हात चांगला होता त्या माणसाचा. त्यानं हे चुकून केलं नव्हतं. कामाची कसली तरी अडचण सोडवायला समजून उमजून केलं होतं, आणि ठिपका न लावता पेटी तशीच ठेवली होती. तो आज कुठं असेल, असेल का, असा विचार तिच्या मनात आला.

तिनं ती वायर काढली. नवी जाड वायर घातली, हिरवी तार लोखंडाला घट्ट आवळली. झाकण लावलं. बल्बची एक वायर पेटीला, दुसरी परसातून आत घेतलेल्या नळाला.

"लावतो," ती म्हणाली. डावा हात पदरात होता. उजव्या हातानं तिनं बटण दाबलं.

बल्ब लागला नाही. पेटीतून टक्क असा आवाज आला आणि ती एवढ्यानं मागं सरली, की खुर्ची पडली.

"बंद करू?" रुद्रेशनं विचारलं.

"थांबा."

हळूहळू रेघ उगवली. शिवलीलानं उजव्या हाताची पालथी बोटं पेटीजवळ नेली. परत घेतली. पुन्हा नेली आणि टेकवली. लोखंड गार होतं. बाकी काही नाही. ती पायरीवर जाऊन बसली. रुद्रेश पाणी घेऊन आला तरी एक हात त्यानं चौकटीवर, मेन स्विचच्या बाजूला ठेवलेलाच होता.

हंबीररावांचं कार्ड काही लगेच नीट झालं नाही. सीआरओ वाचायलाच तिला वेळ लागला. पण शेवटी रेघेतला एक बारीक दात दिसला. वाळून गेलेला एक कॅपॅसिटर तिनं बदलला, आणि मशीन फिरलं. त्यानंतर उद्यमनगरातून आणि शिरोलीकडून कार्डं यायला लागली. ती एका हातानंच काम करत राहिली. नव्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जायची वेळ आली, तर कार्ड बघायच्या आधी बोर्डाच्या तिसऱ्या भोकावर बल्ब लावायची. माणसं हसायची. दोन-तीन ठिकाणी बल्ब पेटला नाही, तेव्हा हसली नाहीत.

एकदा गुंडू आला. कामाला नव्हे, कोल्हापूरला आला होता म्हणून. त्यानं सीआरओकडं बघितलं आणि म्हणाला, "शालूनं दुकानात अर्थिंगचा खड्डा काढून घेतला माझ्याकडनं. मीठ किती घालायचं ओ?"

भीती मात्र गेली नाही. सकाळी दुकान उघडताना बटणावर बोट ठेवलं की काळीज एकदा धडकायचंच. सुष्मिता दहावीला गेली तरी शिवलीला तिला त्या टेबलाशी येऊ देत नव्हती. यावरून दोघींची भांडणं व्हायची.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात पडद्याची नळी गेली. रेघ आधी पुसट झाली, मग येईचना. तोवर तिनं नवा सीआरओ घेतला होता. बाळासोला कुठून तरी कळलं आणि तो टेम्पो घेऊन दारात आला.

"द्या की ताई. पेटी चांगली हाय, कोणतरी नळी घालून वापरंल."

शिवलीलानं त्याला चहा दिला, पण पेटी दिली नाही. तो बसलेला असतानाच तिनं झाकण काढलं, आतला ट्रान्सफॉर्मर सोडवून बाजूला ठेवला, आणि वायरी एकेक करून कापायला लागली.

"अवं, आता तर ती बिनधोक केलीसा की तुम्ही," बाळासो हळहळत म्हणाला. "आता कशाला भिताय?"

"आता बिनधोक हाय," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली. "माझ्या दारातनं भाईर पडल्यावर तिला कोण काय करंल, ते मला कुठं दिसणार हाय? पत्रा घिऊन जावा. पत्र्याला कोण मरत न्हाय."